सुरीची जागा

४ तारीख, सोमवार

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, रोज मला तोच राग ऐकवतेस. एक वही आण आणि तिच्यात ओक सगळं." परगावी राहून आईला सल्ले द्यायला काय जातं! पण आणली वही. तर ओकते.

राग धाकटीवर आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. म्हणून ती लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्याच स्वयंपाकघरात असायची. तिला साधं अंडं फेटता येत नव्हतं. मी शिकवलं. पुढे आम्ही दोघी मिळून केकच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. फेटायची ती, चाखायची मी. मिश्रण झालं की चमचा माझ्या तोंडासमोर धरायची आणि मी सांगायची, साखर घाल, मीठ चिमूटभर, आता पुरे. मोजमाप आमच्या घरात कधी नव्हतंच. जिभेवर चालायचं सगळं.

मागच्या वर्षी मी त्या मोठ्या तापातून उठले आणि बाईसाहेब म्हणतात कशा, "ताई, हल्ली जरा इकडचं तिकडे होतंय. मापाचे चमचे आणलेत मी. मोजून घालूया का?" मला! मापाचे चमचे! मी ते खिडकीतून खालच्या बागेत फेकले. महिन्याभरात तिने बाजारपेठेत गाळा घेतला, बेकरी काढली, आणि आता म्हणे अख्खं शहर तिच्या दारात रांग लावून उभं असतं.

ती गेली तरी माझं काम थांबलेलं नाही. माझं गिऱ्हाईक माझ्यापाशीच आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते.

६ तारीख, बुधवार

आज जाऊन आले. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा. नवऱ्याला सांगितलं, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चाललेय. त्यांच्या घरी माझाच केक जातो, त्यामुळे त्याला खरं वाटलं.

रांग पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. माझ्या पुढे एक पोरगी नुसत्या पावाचे फोटो काढत होती. पावाचे! आत काचेच्या कपाटात सगळं मांडलेलं, वर पिवळे दिवे, आणि मागे मोठी काच लावून भटारखाना उघडा दाखवलाय. लोकांना काम करणारी माणसं बघायला आवडतात म्हणे. आम्ही घामाघूम होऊन काम करायचो तेव्हा कोणी बघायला आलं नाही.

क्रोसाँ घेतला. उभ्यानेच खाल्ला. पापुद्रे सुटे होते, हे कबूल करावं लागेल. दातांखाली करकर वाजले, ब्लाउजभर चुरा सांडला. आत जाळीही नीट पडली होती. गरम होता. पण चव? शून्य. कागद चावावा तसा. लोणी घातलंय की नुसतं लोण्याच्या कागदात गुंडाळलंय कोण जाणे. आणि शेजारचा एक म्हातारा डोळे मिटून खातोय, जसं काही समाधीच लागली त्याला!

एकूण माणसांच्या जिभा मेल्यात. जे दिसायला चांगलं ते खायला चांगलं, असं झालंय सगळं.

७ तारीख, गुरुवार

वकीलबाईंच्या मुलीच्या साखरपुड्याचा केक दिला. नवरा पोचवून आला. हल्ली पोचवायला त्याला अख्खी दुपार लागते. सगळीकडे रस्ते खणून ठेवलेत म्हणतो. आल्या आल्या पाण्याची बाटली तोंडाला लावतो ती रिकामी करूनच खाली ठेवतो. किती वेळा सांगितलं, उन्हातून आल्यावर असं पाणी पिऊ नये.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. "काय केक होता हो! दिवसेंदिवस तुमचा हात सुधारतोय." या वयात सुधारतोय! मी नवऱ्याला मोठ्याने सांगितलं. तो पेपर वाचत होता. "छान," म्हणाला आणि पान उलटलं. दोन शब्द कौतुकाचे बोलला असता तर काय जीभ झडली असती?

११ तारीख, सोमवार

पुन्हा गेले. आज लिंबाचा टार्ट आणि एक्लेअर. मुद्दाम लिंबाचा घेतला. लिंबू कोणाला चुकवता येत नाही.

टार्टचा तळ खुसखुशीत होता, मधलं सारण चकचकीत पिवळं, बोटाने दाबलं तर हलायचं पण फुटायचं नाही. हे मीच शिकवलंय तिला. तोंडात घातला. गार, गुळगुळीत. जरासं चरचरलं जिभेच्या कडेला आणि संपलं. लिंबू कुठे गेलं? एक्लेअरचंही तेच. वरचं चॉकलेट टक्कन तुटलं, आतलं क्रीम मऊ, आणि बाकी काही नाही.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "यात लिंबू घातलंय का रंग?"

ती घाबरून म्हणाली, "मॅडम, आंबट जास्त झालंय का? दुसरं देऊ?"

म्हणे आंबट जास्त! यांना शिकवतं कोण?

तरी एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर वहीचा काय उपयोग. हल्ली मला बाहेरचं काहीच आवडत नाही. घरचंही नाही. कॉफीची पूड बदलून पाहिली, दोन्ही कंपन्या चोर. आंघोळीच्या साबणाला पूर्वी कसा वास यायचा, न्हाणीघर भरून जायचं. आता नुसता फेस. टूथपेस्टसुद्धा खडूसारखी लागते. जग फसवायलाच बसलंय.

१३ तारीख, बुधवार

आज आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी ओव्हनमध्ये बिस्किटं ठेवून इथेच, ओव्हनपासून चार पावलांवर, टेबलाशी बसून क्रीम फेटत होते. नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला, ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या आणि माझ्यावर ओरडला, "घर जाळणार आहेस का?"

बिस्किटांचा कोळसा झाला होता. माझं लक्ष नव्हतं, होतं असं कधी. पण मी म्हटलं, "ओरडायला काय झालं? बिस्किटं माझी, ओव्हन माझा." तर म्हणतो, "तुला खरंच कळलं नाही?" अशा आवाजात, जशी काही मी शाळेतली पोर आहे. मग त्याने फ्रिजमधलं दूध काढून मोरीत ओतलं. म्हटलं, हे काय चाललंय? म्हणे, नासलंय. सकाळी मी त्याच दुधाचा चहा प्यायले. मला काही नासलेलं वाटलं नाही. पण वाद घालायला गेले तर हा खुर्चीत बसून राहिला, दोन्ही हात डोक्याला लावून.

"एकदा डॉक्टरांना दाखवूया का?" असं हळूच म्हणाला.

"तुझ्या डोक्याला झालंय ते दाखव," म्हटलं.

धाकटी गेल्यापासून हा असा झालाय. आधी तिच्याही बाजूने बोलायचा. कोणाच्याच बाजूने बोलत नाही आता.

१५ तारीख, शुक्रवार

राग अजून उतरलेला नाही, पण लिहिते.

आज दालचिनीचा रोल घेतला. एक घास खाल्ला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रोल आहे, वर पाक आहे, तपकिरी रेघा दिसताहेत, आणि दालचिनीचा पत्ता नाही. चष्मा काढला, स्कार्फ काढला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "दालचिनी घालायची विसरलात की परवडत नाही?"

एक बाई हसून म्हणाली, "अहो, दालचिनीचा वास तर रस्त्याच्या टोकापर्यंत येतोय. वासावरच तर आलो आम्ही."

"तुमच्या नाकाची तपासणी करून घ्या," मी म्हटलं.

तेवढ्यात धाकटी आतून बाहेर आली. एप्रनला पीठ, केस टोपीत कोंबलेले. बारीक झालीय. मला बघून थबकली. मी म्हटलं, "ये, ये. सगळ्यांसमोर सांग, तुझ्या रोलमध्ये काय आहे ते."

तिने माझ्या हातातला रोल घेतला, तोडला, स्वतः खाल्ला. मग माझ्याकडे बघत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. तशी बघत नव्हती ती.

"ताई," ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला खरंच काही लागत नाही?"

"काही असेल तर लागेल ना!"

"आत येऊन बसता का जरा?"

"तुझ्या दुकानात मी मेले तरी बसणार नाही," असं म्हणून मी निघाले. मागून कोणीतरी हसलं. हसू दे.

१६ तारीख, शनिवार

तिचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. काय समजते स्वतःला! म्हणून आज स्वतःच परीक्षा घेतली. मोठा कांदा घेतला, बारीक चिरला. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक झणझणलं. म्हणजे नाक शाबूत आहे. मिरी चावली, जीभ पोळली. म्हणजे जीभही शाबूत आहे. विषय संपला.

मग व्हॅनिलाची बाटली उघडून बसले. नाकाशी धरली. मग आणखी जवळ. बहुतेक जुनी झाली असेल. नवी आणायला हवी.

तीही गेल्याच महिन्यात आणली होती.

२० तारीख, बुधवार

जे झालं ते झालं तसंच लिहिते.

आज डॉक्टरीणबाईंच्या सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा केक होता. पहाटेपासून राबले. माझ्या केकवर मी नाव-बिव लिहीत नाही. ती बाजारी रीत. मी कडेने क्रीमची वेलबुट्टी काढते आणि एका ठिकाणी दोन बोटं जागा मोकळी सोडते. तिथून सुरी घालायची. तिथूनच का, तर तिथून कापलं की पहिला तुकडा न मोडता निघतो, आतले थर मी तशाच हिशोबाने लावते. ती सुरीची जागा. माझ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. दुसरं कोणी करत नाही. यावेळी सासऱ्यांना बागेची हौस म्हणून वेलीत मध्ये मध्ये जांभळी फुलं काढली. केक निळ्या खोक्यात घातला, नवरा घेऊन गेला.

मी मागोमाग निघाले. त्याच्या मागे नाही, बेकरीकडे. शुक्रवारी लोक हसले ते सहन होत नव्हतं. ठरवलं होतं, आज मालकिणीला तिच्या गिऱ्हाइकांदेखत चार गोष्टी सुनवायच्या.

रांगेतून काचेशी पोचले. पलीकडे भटारखान्यात धाकटी पाठमोरी उभी होती, क्रीमची पिशवी हातात. बाजूला सरकली तेव्हा तिच्यासमोरचा केक दिसला. कडेने वेलबुट्टी. जांभळी फुलं. आणि एका ठिकाणी दोन बोटं मोकळी जागा.

मला आधी वाटलं, माझाच केक आहे. मग दिसलं, माझा केक शेजारच्या ओट्यावर होता, बाजूने थोडासा उकरलेला. ती त्याच्याकडे बघून बघून दुसरा करत होती. आणि मागच्या दारात माझा नवरा उभा होता. एका हातात रिकामं निळं खोकं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

काउंटरची फळी मी कशी उचलली, आत कशी गेले, आठवत नाही. तिथली मुलगी "मॅडम, मॅडम" करत होती.

"कधीपासून?" एवढंच विचारलं.

नवरा म्हणाला, "तू आधी बस."

"कधीपासून?"

धाकटीने पिशवी खाली ठेवली. "बेकरी उघडली तेव्हापासून, ताई."

म्हणजे साखरपुड्याचा तिचा. वाढदिवसांचे तिचे. दिवसेंदिवस सुधारणारा हातही तिचा.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. चोर म्हटलं, दोघांना. नवऱ्याला त्याहून वाईट म्हटलं. बाहेर सगळी रांग काचेला नाक लावून बघत होती. फुकटचा तमाशा. तो तर मान खाली घालून उभा. पण धाकटी भडकली. पहिल्यांदाच बघितलं तिला तसं.

"मला काय हौस होती?" ती ओरडली. "तुम्ही पुढच्या दारात उभं राहून माझं नाव खराब करायचं आणि मागच्या दारी मी तुमचं नाव सांभाळायचं! माझे केक तुमच्या खोक्यात जातात, लोक तुमचं कौतुक करतात, आणि मला कुठे बोलायची सोय नाही. दादा हात जोडून म्हणाले म्हणून केलं. मी चमचे आणले तेव्हा विचारलं असतंत, का आणलेस गं, तर तेव्हाच सांगितलं असतं ना! तुम्ही ते फेकून दिलेत!"

मी रिकामं खोकं नवऱ्याच्या हातातून हिसकावलं आणि घरी आले. ते खोकं कशाला आणलं, मलाही माहीत नाही.

२१ तारीख, गुरुवार

नवऱ्याशी बोलत नाही. तोच बोलतो. जेवणाच्या टेबलापलीकडून, माझ्या पाठीला सांगतो.

धाकटी गेल्यावरचा पहिलाच केक परत आला होता म्हणे. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या टेबलावरून, एक तुकडा कापलेला. साखरेऐवजी नुसतं मीठ लागत होतं. दुसऱ्या वेळी व्हॅनिला कडू झालेला. त्याने परस्पर माफी मागितली. मग बेकरीचं दार ठोठावलं. "तुला सांगायला रोज तोंड उघडायचो," म्हणतो. "तू ओट्याशी उभी असायचीस, गुणगुणत. मला सांगवेना गं."

"आणि माझ्या केकचं काय करायचास?" मी न वळता विचारलं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "आधी गाडीत बसून चाखायचो. प्रत्येक वेळी. म्हणायचो, आज नीट झाला असेल तर तोच नेऊन देऊ."

एवढं ऐकून मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. संतापच आला. वर्षभर हा माणूस गाडीत बसून खारट केक खातो, घरी येऊन पाणी पितो, आणि मला वाटतं ऊन फार आहे! माझी जीभ गेली ती गेली. पण गेलीय हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक! मी काउंटरवरच्या मुलीला ज्ञान देत होते, रांगेत उभी राहून लोकांना नाक तपासायला सांगत होते, आणि हे दोघं मला सांभाळून घेत होते. मला सांभाळून घ्यायला मी काय काचेचं भांडं आहे? वाईट झाला असता तर माझा केक वाईट झाला असता. लोकांनी नावं ठेवली असती. मी रडले असते, भांडले असते, पण माझ्या कामावर तरी रडले असते. यांनी माझं कामच काढून घेतलं आणि हातात खेळणं दिलं.

हे त्याच्या तोंडावर म्हटलं. तो "हो" म्हणाला. फक्त "हो".

२२ तारीख, शुक्रवार

सकाळी एकेका गिऱ्हाइकाला फोन केले. स्वतः. म्हटलं, वर्षभर तुम्ही खाल्लेत ते केक माझे नव्हते, माझ्या जावेचे होते, यापुढे तिलाच सांगा. वकीलबाई म्हणाल्या, "अगंबाई, आणि मी तुमचा हात सुधारला म्हणत होते!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला वास कधीपासून येत नाही?" त्यांना कोणी सांगितलं? कोणी नाही. त्या म्हणाल्या, त्या तापानंतर त्यांच्याकडे असे बरेच पेशंट येतात. जेवणाला चव नाही, दात बघा म्हणतात. नाकाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. कधी कधी येतो म्हणे वास परत. कधी नाही.

परका माणूस एका वाक्यात विचारू शकतो. घरच्यांना वर्ष पुरलं नाही.

२३ तारीख, शनिवार

आज केक केला. कोणाची ऑर्डर नाही. नेहमीसारखा केला, अंदाजाने, चाखत, मला जसा वाटला तसा. मग धाकटीला फोन केला. "दुकान कोणाच्या तरी गळ्यात घाल आणि दुपारी ये. भांडायला नाही बोलावत." तरी ती भांडायच्या तयारीनेच आली, दारातच हाताची घडी घालून उभी.

दोघांना टेबलाशी बसवलं. दोन तुकडे वाढले. म्हटलं, "खा आणि सांगा. जो खोटं बोलेल त्याने उठायचं आणि जायचं. घर कोणाचंही असो."

नवऱ्याने घास घेतला. चावला. सवयीने गिळला. डोळ्यांत पाणी तरारलं तरी म्हणाला, "तसा... ठीक आहे."

मी त्याच्यासमोरची बशी उचलली. "ऊठ."

"अगं..."

"ऊठ म्हटलं ना."

तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मी धाकटीकडे बघितलं. तिने तुकडा तोडला, तोंडात घातला आणि तिचा चेहरा असा झाला की मला तो बघवेना. पण बघितला. ती उठली, बेसिनशी गेली आणि घास थुंकून टाकला. चूळ भरली. पुन्हा भरली. पदराने तोंड पुसत वळली.

"ताई, हा खाण्याच्या लायकीचा नाही," ती म्हणाली. "मीठ मूठभर पडलंय. व्हॅनिला औषधासारखा लागतोय. आणि लोणी खवट आहे, वास मारतंय. आधी ते फेकून द्या."

मी खुर्चीत बसले. माझ्याच ओट्याशी, माझ्याच घरात, माझं केलेलं कोणी थुंकलं. असा संताप आयुष्यात आला नव्हता, आणि असं हलकंही कधी वाटलं नव्हतं. रडू आलं ते रागाचंच होतं. ती जवळ आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. बरं केलं.

"आणि?" मी विचारलं.

"भाजलाय उत्तम. थर सरळ आहेत. तो हात गेलेला नाही तुमचा."

"हे खरं की माझं तोंड बघून?"

"तोंड बघून बोलायचं असतं तर थुंकले असते का?"

लोणी फेकलं. व्हॅनिला फेकला. ती जाताना म्हणाली, "परवा सकाळी येते. तुमच्याशी मला अजून बरंच भांडायचंय, दुकानात गिऱ्हाइकांसमोर जमत नाही." म्हटलं, ये. मलाही भांडायचंय.

सोमवारी दुपारी नाकाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. खिडकीशी उभा असलेला नवरा तेवढ्यात म्हणाला, "मी येतो. त्यांना सगळं नीट समजावून सांगतो."

"तू गाडी चालव," मी म्हटलं. "सांगायचं ते मी सांगेन."